सीमेपलीकडचं तिसरं मूल

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की बाची गाव लागतं, आणि ते मागं पडतं न पडतं तोच शिनोळी. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. दोन्हीकडची शेतं एकाच बांधाला टेकलेली, बाजार एकच, आणि सोयरिकी इतक्या गुंतलेल्या की लग्नाची पत्रिका छापताना कुणाचं गाव कुठल्या राज्यात हे विचारावं लागतं. माझा मावसभाऊ तिकडचा, चंदगड तालुक्यातला. मेहुणा, म्हणजे बायकोचा चुलतभाऊ, इकडचा, कर्नाटकातला. दोघांनाही तीन-तीन मुलं, आणि दोघांचीही उतरंड सारखीच: आधी दोन मुली, मग मुलगा. काही वर्षांपूर्वी दोघांनाही ग्रामपंचायतीला उभं राहायची हुक्की आली. मावसभावाचा अर्ज छाननीत उडाला, कारण सप्टेंबर २००१ नंतर ज्याला तिसरं अपत्य झालं त्याला महाराष्ट्रात पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. मेहुण्याला मुलांचं कुणी विचारलंच नाही. त्याला विचारलं, घरी संडास आहे का? कर्नाटकाच्या पंचायत कायद्यात घरच्या माणसांसाठी शौचालय नसेल तर उमेदवारी अडते. मुलं किती, याबद्दल तो कायदा गप्प आहे. मेहुण्याकडे संडास होता, तो निवडून आला. मावसभाऊ अजून म्हणतो, "मी दोन संडास बांधलो असतो की गा!"

हा किस्सा मी हसण्यावारी सांगत आलो होतो. पण सगळ्यांना दोनच मुलं, अशा लोकसंख्येच्या कायद्याची ओरड हल्ली इतकी वाढली आहे की तो नीट मांडावासा वाटला.

कायदा ताबडतोब करा, नाहीतर देश बुडाला, असा मजकूर आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी येतो. पाठवणारे माझे मित्रच आहेत, वाईट माणसं नाहीत. कुणाचं उद्यमबागेत वर्कशॉप, कुणाचं खडेबाजारात दुकान. गंमत अशी की त्यांतल्या एकालाही दोनांपेक्षा जास्त मुलं नाहीत, आणि ती कायद्याच्या धाकानं थांबवली असंही नाही. पोरांच्या शाळेची फी, फ्लॅटचा हप्ता, बायकोची नोकरी, ही त्यांची कारणं. म्हणजे कायदा हवाय तो दुसऱ्या कुणासाठी तरी. तो दुसरा कोण, हे ग्रुपवर कधी उघड लिहिलं जातं, कधी नुसत्या हसऱ्या चेहऱ्यानं भागवलं जातं.

कायद्यानं पाळणा थांबतो का, हे तपासायला आमच्या सीमेइतकी सोयीची जागा नाही. एकीकडे दोन मुलांचा नियम, दुसरीकडे नाही. माती, पाऊस, जाती, देव, लग्नाच्या चालीरीती बहुतेक सारख्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, म्हणजे १९९२-९३ साली, महाराष्ट्रात आणि कर्नाटकात एका बाईला सरासरी २.९ मुलं होत होती. दोन्हीकडे तेवढीच. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा आकडा १.७ आणि कर्नाटकाचाही १.७. देशाचा २.०. लोकसंख्या जागच्या जागी राहायला साधारण २.१ लागतात. मधल्या तीस वर्षांत महाराष्ट्रानं सरपंचांना अपात्र केलं, २००५ साली सरकारी नोकरांसाठी छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र आणलं. कर्नाटकानं पंचायतीला उभ्या राहणाऱ्यांची मुलं मोजली नाहीत. दोघंही एकाच पायरीवर येऊन उभे राहिले.

हे राज्यांचे आकडे आहेत, बाची-शिनोळीचे नाहीत, हे मान्य. आणि महाराष्ट्राचा नियम उमेदवारांना आणि नोकरदारांना आहे, सरसकट सगळ्यांना नाही, हेही मान्य. मग सगळ्यांना लावा की, असं कुणी म्हणेल. ते करून बघायची तयारी महाराष्ट्रानं एकदा केली होती, त्याकडे येतो.

आधी आकडा खाली आला तो कशानं? माझ्या आजीची नऊ बाळंतपणं झाली. तिला मुलं किती असं विचारलं की ती "पाच जगली, चार गेली" असं सांगायची, आणि गेलेल्या चौघांचीही नावं घ्यायची. एकाचं तर बारसंही झालं नव्हतं, तरी तिनं त्याला नाव ठेवलेलं होतं. आईला आम्ही चौघं. आम्हाला दोन. आजीला कुणी अडाणी म्हणालं तर मला राग येतो, कारण तिचा हिशेब चोख होता: चार जातात म्हणून नऊ. १९७१ साली देशात हजारी १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० साली २८. बाळ जगणार याची खात्री पटली की पाळणा आपोआप थांबतो. त्यात मुलगी एसटीनं, नाहीतर आमच्याकडच्या लाल सरकारी बसनं, तालुक्याच्या कॉलेजला जायला लागली, लग्न सोळाचं एकविसावर गेलं. गावात आरोग्याचं काम बघणारी आशाबाई दारात येऊन तांबी, माला-एनच्या गोळ्या, अंतराचं इंजेक्शन या पाळणा लांबवायच्या साधनांची माहिती देऊ लागली. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईचं तायी कार्ड काढलं की बाळंतपणाचा सगळा हिशेब त्यात. ही सगळी कंटाळवाणी कामं. व्यासपीठावरून त्यांच्यावर टाळ्या मिळत नाहीत.

मग तिसरं मूल होतंच का? आमच्या गावच्या जुन्या दवाखान्याच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता आणि त्याखाली कानडीत ओळ: "आरतिगोब्बळु मगळु, कीर्तिगोब्ब मग." आरतीला एक मुलगी, कीर्तीला एक मुलगा. लहानपणी आम्ही ती ओळ कानडी वाचायला शिकताना अडखळत वाचायचो. यमक छान, चित्र छान. पण नीट ऐका. घराण्याचं नाव राखायला मुलगा आणि ओवाळायला मुलगी, हे सरकारनंच भिंतीवर लिहून ठेवलेलं. ज्याला आरतीच्या दोघी झाल्या त्यानं काय करायचं? माझ्या मावसभावानं आणि मेहुण्यानं केलं तेच. तिसरं मूल हे बहुतेक घरांत हौसेनं येत नाही, मुलग्याची वाट बघत येतं. कायदा म्हणतो दोनच. घर म्हणतं दोनांत मुलगा पाहिजेच. या दोन हुकमांच्या मध्ये कोण चिरडलं जातं ते सोनोग्राफीच्या खोलीत ठरतं.

२०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे कोल्हापूर आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत नऊशेही मुली नव्हत्या. बेळगाव जिल्ह्यात नऊशे तीसच्या वर होत्या. याचं खापर एकट्या दोन मुलांच्या नियमावर फोडणं बरोबर नाही. तिकडे पैसा आधी आला, यंत्रं आधी आली, हुंडाही त्याच मापानं वाढला. आणि आपण फार शहाणे असंही इकडच्यांनी समजू नये. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले, तेव्हा तपासाचे धागे सीमा ओलांडून आमच्या जिल्ह्यातल्या कागवाडपर्यंत आले. पोटात मुलगी आहे का हे एका राज्यात बघायचं आणि दुसऱ्या राज्यात पोट रिकामं करायचं. सीमाप्रश्नावर दोन्ही राज्यांत एकमत होत नाही, या धंद्यात मात्र सहज झालं होतं. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा १९९४ चा आहे. तो नीट राबवायला ज्यांना तीस वर्षांत जमलं नाही, ते आता घरोघरी मुलं मोजणारा कायदा राबवणार!

सक्तीचा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशभर सुमारे ८३ लाख नसबंद्या झाल्या. त्यांत साठ लाखांहून अधिक पुरुष होते. शिक्षकांना, तलाठ्यांना कोटा ठरवून दिलेला, कोटा भरला नाही तर पगार अडलेला. त्याच साली महाराष्ट्र विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, नाहीतर शिनोळीच्या लोकांना सीमा ओलांडून बाचीत लपावं लागलं असतं. १९७७ साली लोकांनी सरकार पाडलं, कुटुंबनियोजनाचं नाव बदलून कुटुंबकल्याण झालं, आणि एक गोष्ट कायमची बदलली: पुरुष त्या खोलीतून उठून गेले ते आजतागायत परत आले नाहीत. कोटा मात्र राहिला, नाव बदलून राहिला, आणि तो बायकांच्या पोटावर आला. २०१९-२१ च्या पाहणीत देशात लग्न झालेल्या बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्याचं ऑपरेशन झालेली जोडपी ०.३ टक्के. कर्नाटकात तर निम्म्याहून अधिक बायकांचं झालेलं, आणि पुरुष औषधालाही नाहीत.

माझा सगळा मुद्दा या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत आहे. देशाचा पाळणा थांबवला तो बायकांनी, आपल्या पोटावर टाके घेऊन. त्याचं श्रेय कुठल्याही कायद्याला जात नाही, आणि कायदा आणलाच तर त्याचा भारही त्यांच्यावरच पडणार, कारण १९७७ नंतर प्रत्येक वेळी तसंच झालं आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली गेली. त्यानंतर डझनाहून अधिक बायका मेल्या. सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली अशी शिबिरं बंद करा म्हणून सांगावं लागलं. अशा शिबिरांतून पुरुष मेले असते तर न्यायालयापर्यंत जायची वेळ आली असती का, असं मनात येतं.

दुसऱ्याला बोलण्याआधी घरातलं सांगतो. माझं ऑपरेशन झालेलं नाही. बायकोचं झालं. धाकटा सव्वा वर्षाचा असताना आमच्या घरी हा विषय निघाला. मी तेव्हा तीस-बत्तिशीचा, चांगला शिकलेला, या विषयावर दोन भाषणंही ठोकलेली. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, पुरुषाचं बिनटाक्याचं पंधरा-वीस मिनिटांत होतं, भूल तेवढ्या जागेपुरती, संध्याकाळी घरी. आईनं ऐकलं आणि म्हणाली, "त्यो शेतात वझं उचलतोय. त्याचं अंग गेलं तर कोण बघणार?" मी गप्प बसलो. मला उत्तर माहीत होतं. नस बांधल्यानं अंगातली ताकद जात नाही. बीज येण्याची वाट तेवढी बंद होते, जे रक्तात मिसळायचं ते मिसळतच राहतं. हे मला पाठ होतं, पण आईपुढं तोंडातून निघालं नाही. खरं सांगायचं तर मलाही आतून भीती वाटली, आणि आईचं बोलणं मला सोयीचं पडलं.

बायकोचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. टाक्याला पाणी धरलं, दोनदा ड्रेसिंगला न्यावं लागलं. सहाव्या आठवड्यात ती डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन मागच्या दारानं आत आली. मी गोठ्यात उभा होतो. वझं उचलणाऱ्याचं अंग जपायचं म्हणून जे ठरलं होतं, त्यात वझं कोण उचलतं हे कुणी बघितलंच नव्हतं. ती काही बोलली नाही. आजही बोलत नाही. एवढंच, की कुठं भाषण करून आलो आणि विषय हा असला, तर "जमलं का बोलायला?" एवढं विचारते.

आता गर्दीचं बोलू, कारण ती खोटी नाही. गणपत गल्लीत सणाच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, वडिलांच्या चार एकरांचे वाटण्यांनंतर गुंठे झाले, बायपाससाठी हलगा-मच्छेकडची पिकाऊ जमीन जाणार म्हणून शेतकरी रस्त्यावर आले. माणसं फार झाली, हे वाक्य अशा वेळी सहज तोंडात येतं. पण आज गल्लीत दिसणारी तरुण पोरं जन्मली ती वीस-तीस वर्षांपूर्वी, जेव्हा आईबापांची पिढीच मोठी होती. सहा भावांच्या घरात प्रत्येकानं दोनच मुलं केली तरी घरात बारा पोरं खेळतात. म्हणून भावांनी नियोजन केलं नाही असं होत नाही. एकदा चाललेली गाडी ब्रेक लावल्यावरही काही अंतर जाते, तसं हे अजून काही दशकं चालेल. उद्या सकाळी कायदा केला तरी त्या बारा पोरांपैकी एकही कमी होणार नाही. शहरातली गर्दी तर जन्माची कमी आणि गावाकडून उठून आलेल्यांची जास्त. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतली गावं बघा. पोरगा गोव्यात, नाहीतर पुण्यात. घराला कुलूप, आणि गणपतीला आठ दिवस उघडतं तेवढंच. तिथं माणसं जास्त झाली म्हणून ओरडणारा कुणी भेटत नाही, विहिरीचा गाळ काढायला चार हात मिळत नाहीत म्हणून ओरडणारे भेटतात.

पाण्याचंही तसंच. २०१९ च्या उन्हाळ्यात अथणीकडे कृष्णा कोरडी पडली, कर्नाटकाला कोयनेचं पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राला विनवावं लागलं. त्याच वर्षी ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिन्ही फुगल्या आणि गावंच्या गावं शाळांत, मंगल कार्यालयांत आसऱ्याला आली. मे ते ऑगस्ट या तीन महिन्यांत लोकसंख्या काही बदलली नव्हती. या जिल्ह्यात वीसहून अधिक साखर कारखाने आहेत, आणि नदीचं पाणी कुठं जातं हे ज्याच्या शेतात ऊस आहे त्याला सांगायला नको. माझ्याही आहे.

उसाचा विषय निघालाच आहे तर तोडणीवाल्यांचं बोलायला हवं. दिवाळीनंतर बीडकडची माणसं येतात, कारखान्याच्या आसपास पालं पडतात. हिशेब माणशी नसतो, जोडीचा असतो: नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमाची उचल. एकटा पोरगा अर्धा कोयता. म्हणून पोराचं लग्न लवकर, आणि पोरीचं त्याहून लवकर. सोळा-सतराव्या वर्षी लग्न, विशीत दोन-तीन मुलं, पालाच्या दारात चुलीपाशी खेळणारी. लोकसंख्येवर बोलणारे या पालांकडे बोट दाखवतात, बघा ही पोरं. त्यांना कुठला कायदा लावणार? पंचायतीला ती बाई उभी राहणार नाही, सरकारी नोकरी तिला मिळणार नाही; काढून घ्यायला तिच्याकडे काही नाही. २०१९ साली बीडच्या तोडणी कामगार बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याचं उघड झालं, तेव्हा महाराष्ट्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की दंड, म्हणून पिशवीच काढून टाकायची. लोकसंख्या नियंत्रणाची याहून कडक तऱ्हा कुठली असणार? उलट तिला उचलीच्या कर्जातून सोडवा, पोरगी दहावीपर्यंत वसतिगृहात राहील असं करा, आणि दहा वर्षांनी त्या पालांत किती पोरं दिसतात ते मोजा.

मोजायचं म्हटलं की आमच्या भागात सगळ्यांचे कान टवकारतात. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातला हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून कुठल्या गावात मराठी किती आणि कानडी किती हा हिशेब चालू आहे. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, २००४ साली महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात लावलेला दावा, महाराष्ट्र मागतो त्या ८६५ गावांची यादी. आमच्याकडे ही यादी तोंडपाठ असलेली म्हातारी माणसं आहेत. २०११ ला जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजार, त्यात मातृभाषा मराठी सांगणारे साधारण अठरा-एकोणीस टक्के. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळायला पंधरा टक्क्यांची अट, त्यामुळे इथं एकेका टक्क्यावर जीव टांगलेला असतो. अशा मुलखात कुणी माईक हातात घेऊन म्हणालं की आपण कमी होतोय, घरटी एक तरी मूल वाढवा, तर टाळ्या पडतात. मी त्या सभेत बसलो होतो. महिन्याभरानं त्याच हॉलमध्ये लोकसंख्या कायद्याच्या मागणीची सभा झाली. टाळ्या तेवढ्याच, खुर्च्यांवर माणसंही बरीचशी तीच. मराठी शाळेतली पटसंख्या घटली ती मुलं कमी जन्मली म्हणून थोडी, आणि इंग्रजी माध्यमाची पिवळी बस दारात येते म्हणून जास्त. त्या बसमध्ये माझीही दोन्ही मुलं बसत होती, तेव्हा यावर फार बोलत नाही.

आणि तो हसऱ्या चेहऱ्यामागचा 'दुसरा'. ते वाढतायत, आपण घटतोय, हे वाक्य बेळगावात मी रिक्षात ऐकलं आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे, एकदा सुतकाच्या बैठकीतही ऐकलं आहे. १९९२-९३ साली देशातल्या मुसलमान बाईला सरासरी ४.४ मुलं होत होती, २०१९-२१ मध्ये २.४. हिंदू बाईला तेव्हा ३.३, आता १.९. फरक अजून आहे, पण उतार त्यांचा जास्त वेगाचा आहे. आणि केरळातल्या मुसलमान बाईला बिहारमधल्या हिंदू बाईपेक्षा सरासरीनं कमी मुलं होतात. यात धर्म कुठं शोधायचा? आमच्या गल्लीच्या टोकाला शिलाईकाम करणारी एक मुसलमान बाई आहे, माझ्या बायकोच्या वयाची. तिला दोन मुली. तिचंही ऑपरेशन झालंय. नवऱ्याचं नाही. याबाबतीत आमची दोन्ही घरं अगदी एकजात आहेत.

या विषयावर आपल्याकडे पहिल्यांदा जे बोलले त्यांच्या डोळ्यांपुढं बाई होती. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि त्यापायी नोकरी, पैसा, अब्रू सगळं घालवलं. त्यांचा खटला डॉ. आंबेडकरांनी लढवला. नोव्हेंबर १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयी सरकारनं द्याव्यात असा ठराव आला आणि तो पडला. तेव्हा बेळगाव मुंबई प्रांतात होतं. ठराव मंजूर झाला असता तर माझ्या आजीच्या नवातली निदान चार बाळंतपणं वाचली असती. शेजारच्या म्हैसूर संस्थानानं तर १९३० सालीच सरकारी दवाखान्यांत अशी केंद्रं उघडली होती. त्या मंडळींची भाषा नियंत्रणाची कमी आणि सुटकेची जास्त होती. बाईला नको असलेलं बाळंतपण नाकारता यावं, एवढंच. देशाची संख्या, धर्माची संख्या, भाषेची संख्या हे सगळं त्यात नंतर घुसलं.

हल्ली तर वारं उलटंही वाहू लागलं आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला लाल किल्ल्यावरून लोकसंख्येच्या स्फोटाची चिंता व्यक्त झाली. डिसेंबर २०२४ मध्ये सरसंघचालकांनी नागपुरात दोनापेक्षा जास्त, म्हणजे तीन मुलं हवीत असं सांगितलं. आंध्र प्रदेशानं २०२४ साली स्थानिक निवडणुकांतली दोन मुलांची अट काढून टाकली आणि मुख्यमंत्री जास्त मुलांचं आवाहन करू लागले. त्यांची भीती समजण्यासारखी आहे. लोकसभेच्या राज्यनिहाय जागा १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवलेल्या आहेत. त्या मोकळ्या झाल्या की ज्यांनी पाळणा आधी आवरला त्यांचंच वजन घटणार. इथं कर्नाटक आणि महाराष्ट्र एकाच बाकावर बसतात, हे दोन्हीकडच्या सीमावाद्यांनी जरा शांतपणे बघावं. पण जागा जातात म्हणून बाईनं तिसरं मूल काढायचं? चीननं १९८० च्या सुमारास एकच मूल सक्तीचं केलं, २०१६ ला दोन, २०२१ ला तीन मोकळी केली, आणि २०२२ पासून त्यांची लोकसंख्या घटतेच आहे. तिथल्या बायका सरकारचं ऐकेनाशा झाल्या. कमी करा म्हणणारे आणि वाढवा म्हणणारे, दोन्ही व्यासपीठांवर बसलेली माणसं मी नीट निरखली आहेत. सगळे पुरुष, बहुतेक साठीच्या पुढचे.

मला विचाराल तर कायद्यावर खर्ची पडणारा दम दोन कामांना लावावा. तायी कार्ड काढताना बाईला जसं बसवून समजावतात, तसं तिच्या नवऱ्यालाही त्याच दिवशी बसवा. दारात मोटारसायकलवर बसून मोबाईल बघत असतो, त्याला आत बोलवा. आणि महाराष्ट्रानं तो पंचायतीचा नियम काढून टाकावा. निम्म्या जागा बायकांना राखीव ठेवायच्या आणि तिसरं मूल झालं म्हणून त्याच बाईला घरी पाठवायचं, जिला ते मूल हवं होतं का हे कुणी विचारलं नव्हतं, यात कसला न्याय? इकडच्यासारखा संडास मोजा हवा तर.

गेल्या दिवाळीत धाकटा चुलतभाऊ शेतात माझ्यामागून चालत होता. त्याला दोन मुलं, दुसरी पोरगी नुकतीच चालायला लागलेली. ऊस बघत बघत त्यानं हळूच विचारलं, "दादा, ते बिनटाक्याचं, खरंच दुखत नाही काय?" मी म्हटलं मला माहीत नाही, मी केलेलं नाही. तो थबकला. त्याला वाटलं होतं, मी एवढा बोलतो म्हणजे केलं असणार. मग मला डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते त्याला सांगितलं: दोन दिवस आराम, आठवडाभर वझं नको, पुढचे तीन महिने जपायचं आणि मग तपासून घ्यायचं. तुझ्याबरोबर मी येतो, असंही म्हणालो. तोड संपल्यावर जाऊ म्हणाला. दवाखान्यात जाऊन त्यानं वार विचारून ठेवलाय. काकीला अजून कुणी सांगितलेलं नाही.